साखळीतली टोळी आणि खांबाला बांधलेला माणूस: अलाबामातल्या एका रस्ते-योजनेची तपासणी

कैद्यांना रस्त्याच्या कामाला लावावं का, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, करदात्यांच्या पैशावर नुसतं बसवून खाऊ घालण्यापेक्षा खड्डे बुजवून घ्या, रस्ताही सुधारेल आणि माणूसही. दुसरी बाजू म्हणते, ही वेठबिगारीच. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात, पण प्रत्यक्षात राबवलेली एखादी योजना पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत कुणी फारशी तपासत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतलं आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्याने मे १९९५ मध्ये कैद्यांना पायात बेड्या घालून, एकमेकांना साखळीने जोडून हमरस्त्याच्या कडेला कामाला उभं केलं. साधारण वर्षभरात योजना गुंडाळावी लागली. तिच्यातून निघालेला एक खटला मात्र २००२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि त्यामुळे त्या कामावर काय चालत होतं याचे तपशील निकालपत्रात कायमचे नोंदले गेले.

आधीचा इतिहास

अलाबामात कैद्यांच्या श्रमांचा इतिहास जुना आणि वाईट आहे. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. पण त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला गेला: गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला शिक्षा म्हणून दिलेली सक्तीची मजुरी. दक्षिणेतल्या राज्यांनी या फटीचा पुरेपूर वापर केला. किरकोळ गुन्ह्यांखाली, अनेकदा भटकेपणासारख्या आरोपांखाली कृष्णवर्णीय माणसं पकडायची आणि त्यांना खाणमालकांना, कारखानदारांना भाड्याने द्यायचं, अशी पद्धत रुजली. अलाबामात हे कैदी प्रामुख्याने कोळशाच्या खाणीत राबत होते. कैदी भाड्याने देण्याची ही पद्धत सगळ्यात शेवटी बंद करणारं राज्य अलाबामाच. साल होतं १९२८.

खाणीतून काढलेले कैदी मोठ्या संख्येने गेले ते रस्त्यांवर. त्यामागे नुसती क्रूर बुद्धी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारगाडी आली आणि चांगल्या रस्त्यांची मागणी करणारी मोठी चळवळ उभी राहिली. तिच्यातल्या अनेक सुधारकांना मनापासून वाटत होतं की खाणीच्या अंधारापेक्षा मोकळ्या हवेतलं रस्त्याचं काम बरं, शिवाय नफा खाजगी मालकाच्या खिशात न जाता लोकांच्या उपयोगी पडेल. पण रस्त्यावरच्या छावण्यांत बेड्या आल्या, चाबूक आला, आणि मालकाच्या जागी सरकारी मुकादम आला. पुढे दक्षिणेतल्या या टोळ्यांच्या हकिकती देशभर गाजल्या. शतकाच्या मध्याच्या सुमारास साखळीच्या टोळ्या एकेक करून बंद झाल्या. १९९५ मध्ये अलाबामाने जे पुन्हा सुरू केलं, त्यामागे ही सगळी आठवण होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

योजना

फॉब जेम्स हे १९९४ च्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी उभे होते. साखळीच्या टोळ्या परत आणण्याची कल्पना त्यांनी प्रचारातच मांडली. ते निवडून आले आणि तुरुंग विभागाचे आयुक्त रॉन जोन्स यांनी ती अमलात आणली. सुरुवात राज्याच्या उत्तरेकडच्या लाइमस्टोन तुरुंगापासून झाली. कैद्यांना पांढरे कपडे, पाचाचा एक गट, प्रत्येकाच्या पायात बेडी आणि दोघांच्या मधे आठ फूट साखळी. पॅरोलच्या अटी मोडून परत आलेले आणि पुन्हा गुन्हा करून आलेले कैदी यात मुख्यतः घातले जात. जागा होती आंतरराज्य महामार्ग ६५ ची कड. म्हणजे दिवसभर शेकडो गाड्या शेजारून जाणार आणि त्यातले लोक हे दृश्य बघणार.

अधिकाऱ्यांची बाजू अशी होती: लाज वाटली तर माणूस परत तुरुंगात येणार नाही, आणि साखळीत बांधलेल्या टोळीवर लक्ष ठेवायला पहारेकरी कमी लागतात. यातला दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे, म्हणून तो गांभीर्याने तपासायला हवा. पहिला मुद्दा माझ्या मते मुळातच चुकीचा आहे, त्याकडे पुढे येतो.

रस्त्याला काय मिळालं

रस्त्याची देखभाल म्हटलं की कामांची यादी मोठी असते. खड्डे साफ करून डांबर भरणं, साइडपट्टीची माती दाबणं, बाजूची गटारं आणि मोऱ्या मोकळ्या ठेवणं, झुडपं छाटणं, पट्टे मारणं, फलक बदलणं. यातली जी कामं रस्त्याचं आयुष्य वाढवतात, त्यांना यंत्र लागतं आणि यंत्र चालवणारा माणूस मोकळा असावा लागतो. रोलरवर बसणाऱ्याच्या पायात दुसऱ्याच्या पायाची साखळी अडकवता येत नाही. उताराच्या कडेने गवत कापताना पाचातला एक घसरला तर बाकीचे चार त्याच्या ओढीने खाली येणार. टोळीचा वेग ठरणार तो सगळ्यात मंद, आजारी किंवा दमलेल्या माणसाच्या वेगावर. त्यामुळे लाइमस्टोनच्या टोळ्यांच्या वाट्याला मुख्यतः दोन कामं आली: कचरा उचलणं आणि गवत-झुडपं तोडणं. दोन्ही कामं गरजेची, यात वाद नाही. पण मोकळा कामगार गवत कापायच्या यंत्राने जेवढं अंतर सहज पार करतो, त्याच अंतराला साखळीतली पाच माणसं हत्यारं हातात धरून अख्खा दिवस घालवतात.

आणखी एक गोष्ट रस्त्यावर काम केलेल्या कुणालाही लगेच समजेल. वाहत्या महामार्गाच्या कडेला काम करणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे भरकटलेली गाडी. तिथला प्रत्येक मजूर एक कान रहदारीकडे ठेवून काम करतो आणि ब्रेकचा आवाज आला की उडी मारून बाजूला होतो. साखळीत अडकलेल्या माणसाला ती उडी मारता येत नाही. पाच जणांनी एकाच दिशेला, एकाच क्षणी उडी मारली तरच ते वाचणार. पहारेकऱ्यांची संख्या वाचवताना हा धोका कुणाच्या खात्यावर टाकला, हा प्रश्न हिशेबात आलाच नाही.

पुढे तुरुंगाच्या आवारात कैद्यांना मोठाले घण देऊन दगड फोडायला लावलं गेलं. राज्याच्या रस्ते विभागाला त्या खडीची गरज नव्हती. इथे योजनेचा खरा हेतू उघडा पडतो. काम हवं म्हणून माणसं लावली असती, तर ज्याचा उपयोग नाही अशी खडी कुणी फोडून घेतली नसती. हवी होती ती घण उचलणाऱ्या माणसांची प्रतिमा. छायाचित्रकार आले, परदेशातले पत्रकार आले, गाड्या थांबवून बघणारे आले. रस्ता निमित्तापुरता होता.

माणसाला काय मिळालं

कामातून सुधारणा व्हायची असेल तर काम करणाऱ्याला काहीतरी यायला हवं: एखादं कौशल्य, थोडे पैसे, वेळेवर उठून काम पुरं करण्याची सवय, आणि आपल्यावर कुणी विश्वास टाकला आहे हा अनुभव. अलाबामाच्या टोळीत यातलं काहीच नव्हतं. कौशल्य शिकवणारं काम साखळीमुळेच बाद झालं होतं. विश्वास टाकायचा प्रश्नच नव्हता, कारण साखळीचा अर्थच अविश्वास. माणसाने स्वतःहून चांगलं वागून दाखवायला जागाच ठेवली नव्हती: तो पळून गेला नाही, तर त्याचं श्रेय लोखंडाला.

लाजेचा मुद्दा इथे येतो. चारचौघांत मान खाली घालायला लावलेला माणूस सुधारतो, ही समजूत फार पसरलेली आहे. मला ती पटत नाही. लाज सुधारते ती ज्यांच्यात परत जायचं आहे अशा आपल्या माणसांसमोर वाटलेली. महामार्गावरून जाणाऱ्या अनोळखी गाड्यांसमोर वाटते ती अपमानाची भावना, आणि अपमान गिळलेला माणूस तो कुणावर तरी काढतो. टोळीत तेच झालं. एकमेकांपासून आठ फुटांवर बांधलेल्या, उन्हात चिडलेल्या माणसांची भांडणं होणार हे उघड होतं. १९९६ मध्ये कामावरच दोन कैद्यांची मारामारी झाली, पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि एक कैदी मेला.

जो काम करणार नाही त्याचं काय

कुठल्याही सक्तीच्या कामाला हा प्रश्न कधी ना कधी भिडतो. मोकळ्या कामगाराने काम नाकारलं तर त्याचा रोज बुडतो. कैद्याला रोज नाहीच, तर बुडणार काय? अलाबामाच्या तुरुंग विभागाकडे याचं उत्तर होतं: आवारात रोवलेला, घोडे बांधण्यासाठी असतो तसा आडवा दांडा. जमिनीपासून ४५ ते ५७ इंच उंचीवर, न वाकणाऱ्या मजबूत साहित्याचा. कामाला नकार देणाऱ्या किंवा टोळीत गोंधळ घालणाऱ्या कैद्याचे हात बेड्यांनी या दांड्याला अडकवायचे, आणि त्याने उभंच राहायचं. बसायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नंतर नोंदवलं की १९९५ मध्ये कैद्यांना टोळीत एकमेकांना साखळीने बांधणारं अलाबामा हे एकमेव राज्य होतं, आणि असा दांडा वापरणारंही एकमेव.

कागदावर या दांड्यालाही नियम होते. कैद्याला दर पंधरा मिनिटांनी पाणी आणि शौचाला जायचं का, हे विचारायचं, त्याचं उत्तर नोंदवहीत लिहायचं, आणि तो कामाला तयार आहे असं म्हणाला की सोडायचं. म्हणजे हे साधन काम करून घेण्याचं आहे, असं राज्याचं म्हणणं.

'होप विरुद्ध पेल्झर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातला कैदी लाइमस्टोनमध्ये होता. त्याला दोनदा दांड्याला बांधलं. पहिल्यांदा ११ मे १९९५ रोजी. महामार्गाजवळ टोळीत काम करताना त्याचा दुसऱ्या कैद्याशी वाद झाला आणि दोघांनाही परत आणून दांड्याला अडकवलं. दोन तासांनी चूक दुसऱ्याची होती असं ठरल्यावर त्याला सोडलं. त्या वेळी दर पंधरा मिनिटांनी विचारणा झाली, नोंदी झाल्या. तरीही तो दांड्यापेक्षा जेमतेम उंच असल्यामुळे हात खांद्यांच्या वर धरावे लागत होते, आणि रक्त फिरावं म्हणून हात हलवला की बेडी मनगटात रुतत होती. नियम पाळले गेले तेव्हाचं हे चित्र.

दुसऱ्यांदा ७ जून १९९५. कामाच्या जागी जाणाऱ्या बसमध्ये तो सकाळी झोपला होता. बस थांबल्यावर उतरायच्या हुकमाला उशीर झाला, पहारेकऱ्याशी शिवीगाळ झाली, झटापट झाली. आणखी चार पहारेकऱ्यांनी मिळून त्याला धरलं, हातात आणि पायात बेड्या घातल्या आणि तुरुंगात परत आणलं. तिथे त्याला शर्ट काढायला लावला आणि दांड्याला बांधलं. जवळजवळ सात तास. ऊन अंगावर, कातडी भाजली. पाणी एकदा-दोनदा. शौचाला एकदाही सोडलं नाही. त्याने प्रतिज्ञापत्रात सांगितलेली एक गोष्ट निकालपत्रात आली आहे: एका पहारेकऱ्याने त्याच्या तहानेवरून त्याला डिवचलं, आधी कुत्र्यांना पाणी पाजलं, मग पाण्याचं पिंप त्याच्या जवळ आणलं, झाकण काढलं आणि लाथेने उलटं केलं. पाणी जमिनीवर सांडलं.

खटला ज्या टप्प्यावर होता तिथे न्यायालयाला त्याची हकिकत खरी धरून विचार करायचा होता, हे इथे नोंदवलं पाहिजे. पण तो सकाळीच आवरला गेला होता आणि पायात बेड्या घालून परत आणला गेला होता. धोका तेव्हाच संपला होता. त्यानंतरचे सात तास कुणाच्या सुरक्षेसाठी होते? आणि 'कामाला तयार आहेस का' या प्रश्नाला अर्थ काय, जेव्हा कामाची जागा दूर महामार्गावर आणि तो इथे आवारात?

या प्रकरणातून मला दिसते ती गोष्ट ही. साखळीच्या कामात माणसाला स्वतःचं काही मिळत नाही, म्हणून त्याला कामाला लावायला शिक्षेची धमकी लागते. काम हीच आधी शिक्षा असल्यामुळे धमकी तिच्याहून कडक असावी लागते. मग दांडा येतो. दांड्याला नियम करावे लागतात, ते नियम चिडलेल्या पहारेकऱ्याच्या हाती पडतात, आणि पाण्याचं पिंप उलटं होतं. त्या एका पहारेकऱ्याला वाईट ठरवून मोकळं होता येत नाही. योजनेच्या आखणीतच ही उतरण होती.

न्यायालयात

साखळीविरुद्धचा दावा सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने आधीच लावला होता. उघड्यावर, बांधलेल्या अवस्थेतच देहधर्म उरकावे लागतात, ही त्यातली एक तक्रार. एप्रिल १९९६ मध्ये आयुक्त जोन्स यांनी महिला कैद्यांनाही साखळीत घालण्याचा बेत सांगितला. गव्हर्नरांनी तो फेटाळला आणि जोन्स यांना पदावरून जावं लागलं. जून १९९६ मध्ये तडजोड झाली आणि कैद्यांना एकमेकांना साखळीने जोडणं राज्याने सोडून दिलं.

दांड्याचा प्रश्न पुढे चालू राहिला. अपील न्यायालयाने मान्य केलं की असं बांधणं म्हणजे घटनेच्या आठव्या दुरुस्तीने मनाई केलेली क्रूर शिक्षा. पण हुबेहूब असं प्रकरण आधी झालं नसल्याने पहारेकऱ्यांना वैयक्तिक जबाबदारीतून सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००२ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने हे उलटवलं. निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. कैद्यांना कुंपणाला बांधून ठेवणं बेकायदा ठरवणारा १९७४ चा जुना निकाल होताच, राज्याचे स्वतःचे नियम होते, केंद्रीय न्याय विभागाने अलाबामाला या दांड्याबद्दल आधीच बजावलं होतं. हे चुकीचं आहे हे समजायला यापेक्षा अधिक काय लागतं, असा त्या निकालाचा रोख.

काम तेच, आखणी वेगळी

रस्त्याच्या कामालाच नावं ठेवणं सोपं होईल, पण तो निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. अलाबामाच्या जवळजवळ ९० वर्षं आधी कोलोरॅडो राज्यात कॅन्यन सिटीच्या तुरुंगातले कैदी डोंगरकड्यांवर रस्ते बांधत होते. स्कायलाइन ड्राइव्ह हा तिथला रस्ता त्यांच्याच हातचा. वॉर्डन थॉमस टायनन यांच्या काळात तिथे शब्दावर पाठवण्याची पद्धत वाढली: तुरुंगापासून दूरच्या छावण्या, बेड्या नाहीत, कैद्याने पळणार नाही असं वचन द्यायचं आणि कामाच्या बदल्यात शिक्षेत सूट मिळवायची. ती पद्धत निर्दोष नव्हती, मजुरीचा प्रश्न तिथेही होता. पण तिथे काम करणाऱ्याला गमावण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून दांडा लागला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही मोजमाप तयार आहे. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांनी साखळ्या आणि बेड्यांना तेव्हाच मनाई केली होती. २०१५ मध्ये मंडेला नियम म्हणून ते सुधारले गेले. तुरुंगातलं काम यातना देणारं नसावं, सुटल्यावर प्रामाणिकपणे पोट भरता येईल असं काहीतरी त्यातून यावं, बाहेरच्या कामगाराइतकीच सुरक्षितता असावी, योग्य मोबदला मिळावा आणि त्यातला काही भाग घरी पाठवता यावा, असं ते सांगतात. लाइमस्टोनची टोळी यातल्या प्रत्येक कसोटीवर नापास होते.

अमेरिकेत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. केंद्रीय मदतीतून होणाऱ्या महामार्गांच्या बांधकामावर तुरुंगातल्या कैद्यांचे श्रम वापरायला कायद्याने बंदी आहे; पॅरोलवर किंवा परिवीक्षेवर (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली) असलेल्यांना मुभा आहे. हेतू रास्त आहे. फुकटच्या मजुरांनी बाहेरच्या कामगारांचा रोज पाडू नये, ही कामगारांची जुनी मागणी. पण परिणाम असा की डांबरीकरण, यंत्र चालवणं, मोजणी यांसारखी जी कामं सुटल्यावर पोट भरतील, त्यांतली मोठी कामं कैद्याच्या वाट्याला येत नाहीत. उरतो कचरा आणि गवत. माझं मत असं की या गाठीवर उपाय एकच: कैद्याला बाहेरच्याइतकाच दर द्या. मग त्याच्यामुळे कुणाचा रोज पडणार नाही, आणि बंदीचं कारणच उरणार नाही. 'स्वस्त मजूर' हा योजनेचा आधार असेल तोवर सुधारणेच्या गोष्टी फक्त भाषणात राहणार.

अलाबामात साखळ्या गेल्या, पण कैदी रस्त्यावर आहेत. राज्याच्या वाहतूक विभागासारख्या सरकारी खात्यांसाठी काम करणाऱ्या कैद्यांना दिवसाला २ डॉलर मिळतात, असं २०२३ च्या डिसेंबरात कैद्यांनी आणि कामगार संघटनांनी मिळून केंद्रीय न्यायालयात लावलेल्या दाव्यात म्हटलं आहे. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, अलाबामाच्या मतदारांनी राज्याच्या घटनेतून शिक्षा म्हणून गुलामगिरीला मुभा देणारा अपवाद काढून टाकला होता. त्या बदललेल्या घटनेखाली, काम नाकारणाऱ्या कैद्यावर शिक्षा लादली जाते का आणि पॅरोल लांबवला जातो का, हा वाद तिथे त्यानंतर उभा राहिला.